अर्धं पाऊल उशिरा

श्रोतेहो, नमस्कार.

२८ मार्च २००६. लंडनचं हायबरी मैदान. युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा असलेल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतला पहिला सामना, आर्सेनल विरुद्ध युव्हेंटस. युव्हेंटसच्या मधल्या फळीत पॅट्रिक व्हिएरा खेळतोय. आदल्या उन्हाळ्यापर्यंत तो याच मैदानावर आर्सेनलचा कर्णधार होता. मध्यंतर जवळ आलेलं असताना चेंडू त्याच्या पायात येतो आणि त्याचा जुना सोबती रॉबर पिरेस तो हिसकावून घेतो. चेंडू थिएरी ऑन्रीकडे जातो, ऑन्रीकडून सेस्क फाब्रेगासकडे, आणि गोल! फाब्रेगास तेव्हा अठरा वर्षांचा होता. व्हिएराला २९ व्या वर्षी विकल्यावर मधल्या फळीची सूत्रं ज्याच्या हाती आली, तोच हा मुलगा. आर्सेनलने सामना २-० असा जिंकला.

मात्र त्या दिवशी चेंडू हिसकावणारा पिरेस स्वतः ३२ वर्षांचा होता. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एका वेळी एकाच वर्षाचा करार द्यायचा, असं आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचं धोरण होतं. पिरेसला जास्त वर्षांची हमी हवी होती. त्याच उन्हाळ्यात तो क्लब सोडून स्पेनमध्ये विलारेआलला गेला.

उतारवयातल्या खेळाडूचा करार वाढवावा की नाही, यावर फुटबॉलचे चाहते जितके तावातावाने भांडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर भांडत असतील. एक जण म्हणतो, "त्याने आपल्याला सगळं दिलं, आता त्याला असं वाऱ्यावर सोडायचं?" दुसरा म्हणतो, "क्लब भावनेवर चालत नाही, पाय जड झालेत त्याचे, दिसत नाही का?" दोघंही पोटतिडकीने बोलतात, आणि दोघांचंही क्लबवर प्रेम असतं. एवढं मान्य करून मी आज एक वेगळी गोष्ट मांडणार आहे. माझ्या मते हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नावर अडतो. त्याला ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न नंतरचा. तो आज जी कामं करतो, ती उद्या कोण करणार आणि ती शिकायला कोणी त्याच्या शेजारी उभं आहे का, हे आधी विचारायला हवं.

मधल्या फळीत हे कळायला अवघड जातं, आणि त्याला कारण आहे. स्ट्रायकर म्हातारा झाला की गोल आटतात, आकडे लगेच बोलतात. विंगरचा वेग गेला की पहिल्याच शर्यतीत दिसतं. मिडफिल्डरचं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचं, तसं नसतं. तो सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो. वय झाल्यावरही हे अंतर फारसं कमी होत नाही, त्याचे पासही अचूक जातात. जाते ती पुन्हा पुन्हा जोरात धावण्याची ताकद. एक जोरकस धाव घेतली की दुसरीसाठी दम परत यायला वेळ लागतो. वळायला वेळ लागतो. बुधवारचा सामना खेळून शनिवारी पुन्हा उतरला की अंग जड असतं. कुठे पोचायचं हे त्याला अजूनही सगळ्यांच्या आधी कळतं, पण तो पोचतो अर्धं पाऊल उशिरा. मग पाय चेंडूऐवजी समोरच्याच्या घोट्याला लागतो. पिवळी कार्डं वाढतात. बचावफळीला त्याचा भरवसा वाटेनासा होतो, ती नकळत मागे सरकते आणि मध्ये मोठी मोकळी जागा पडते. लोक मग बचावपटूंना दोष देतात.

म्हणून चेंडू पायात असताना त्याच्याकडे पाहून उपयोग नाही. संघाने चेंडू गमावल्यानंतरच्या पाच-सहा सेकंदांत तो काय करतो, तिकडे लक्ष ठेवा. करार वाढवण्याजोगा आहे की नाही, हे तिथे दिसतं.

वय हेच सगळं असतं, तर गोष्ट सोपी होती. पण पिर्लोचं काय?

२०११ मध्ये एसी मिलान इटलीचा विजेता झाला. त्यांच्या मधल्या फळीतला आंद्रेआ पिर्लो त्या हंगामात दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता. वय ३२, करार संपत आलेला. मिलानने त्याला जाऊ दिलं आणि युव्हेंटसने एक छदामही हस्तांतर शुल्क न देता त्याला घेतलं. तेव्हा मला मिलानचा निर्णय बरोबर वाटला होता. संघ नुकताच जिंकलेला आणि हा खेळाडू मुळातच कधी वेगवान नव्हता. युव्हेंटस तर सलग दोन हंगाम सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ! पुढे काय झालं? नवे प्रशिक्षक अँतोनियो काँते यांच्या हाताखाली युव्हेंटसने एकही लीग सामना न हरता विजेतेपद मिळवलं. पिर्लो तिथे चार हंगाम खेळला आणि चारही वेळा इटलीचं विजेतेपद युव्हेंटसकडे गेलं. मिलानला पुढच्या विजेतेपदासाठी २०२२ साल उजाडावं लागलं.

ही गोष्ट सांगून पहिल्या बाजूचे चाहते म्हणतात, बघा, जुनं ते सोनं. पण पिर्लोच्या आजूबाजूला कोण होतं तेही बघा. एका अंगाला क्लाउडिओ मार्किसिओ, दुसऱ्या अंगाला त्याच उन्हाळ्यात आलेला आर्तुरो विदाल. वर्षभराने पॉल पोग्बा आला, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. धावायचं, भिडायचं, चेंडू परत आणायचा, ही सगळी कामं या पोरांनी वाटून घेतली. पिर्लोकडे उरलं एकच काम, जे जगात मोजक्यांनाच जमत होतं: चेंडू घ्यायचा, मान वर करायची आणि चाळीस मीटरवर नेमक्या जागी टाकायचा. ३२ वर्षांच्या माणसाकडून २४ वर्षांच्या माणसाचं काम करून घ्यायचा हट्ट युव्हेंटसने धरला नाही, त्यातच सगळं आलं.

याच्या उलट कासेमिरो. ऑगस्ट २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला रेआल माद्रिदकडून सुमारे ६ कोटी पौंड देऊन घेतलं. वय ३०, करार चार वर्षांचा. पहिला हंगाम झकास गेला. लीगमध्ये तिसरा क्रमांक आला, लीग कप जिंकला आणि वेम्बलीवरच्या त्या अंतिम सामन्यात कासेमिरोने गोलही केला. मग दुसरा हंगाम. शेजारी धावणारं कोणी नाही, मैदानाचा मधला पट्टा मोकळा आणि सगळा भार त्याच्याच अंगावर. मे २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून युनायटेड ४-० ने हरला. त्या दिवशी दुखापतींमुळे बचावपटू उरले नव्हते, म्हणून कासेमिरोला मधल्या बचावपटूच्या जागी उभं केलं होतं. त्यानंतर त्याच्यावर जी चिखलफेक झाली, तिचा मला आजही राग येतो. पाच चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या माणसाला त्याची नसलेली जागा देऊन उघड्यावर सोडायचं आणि वर म्हणायचं की याने निवृत्त व्हावं! पुढे त्याने मान खाली घालून मेहनत केली आणि संघातली जागा परत मिळवली. अशा खेळाडूच्या करारावर जरूर टीका करा, तो करार देणाऱ्यांना जाब विचारा. पण सही करणाऱ्याला शिव्या का? खेळाडूची कमाईची वर्षं पस्तिशीच्या आसपास संपतात. शेवटचा मोठा करार समोर आला, तर तो घेण्यात त्याचा काय गुन्हा?

पैशाबद्दल थोडं. क्लब हस्तांतराची रक्कम हिशेबात एकदम धरत नाही, कराराच्या वर्षांत विभागतो. ६ कोटी पौंड आणि चार वर्षं, म्हणजे दर वर्षी दीड कोटी, पगार वेगळा. खेळाडू २२ वर्षांचा असेल तर चार वर्षांनी त्याला विकून पैसे परत येऊ शकतात. तिशीत घेतलेल्याचे सहसा येत नाहीत. त्यात युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू मोकळा होतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. म्हणजे निर्णय लांबवला की सगळे पत्ते खेळाडूच्या हाती जातात.

लांबवण्याची किंमत लिव्हरपूलने २०२३ च्या उन्हाळ्यात मोजली. कर्णधार जॉर्डन हेंडरसनला त्यांनी २०२१ मध्ये, ३१ व्या वर्षी, चार वर्षांचा करार दिला होता. मधली फळी वर्षानुवर्षं तीच राहिली, सगळी एकदमच थकली आणि २०२२-२३ मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. मग एकाच उन्हाळ्यात मिल्नर, केईटा, ऑक्सलेड-चेंबरलेन, हेंडरसन आणि फाबिन्यो असे पाच जण गेले. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली. मोइसेस काइसेडोसाठी ब्रायटनशी विक्रमी रक्कम ठरली, पण त्याने चेल्सी निवडलं. शेवटी श्टुटगार्टहून आला वातारू एंडो, तोही तीस वर्षांचा. मला एंडोबद्दल फार आदर आहे. कोणी त्याची वाट पाहत नव्हतं, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलने चेल्सीला हरवलं तेव्हा मधल्या फळीत तो होता आणि समोर काइसेडो. पुढच्या हंगामात रायन ग्राव्हेनबेर्ख त्या जागी उभा राहिला आणि लिव्हरपूल लीग जिंकलं. ग्राव्हेनबेर्खला मुळात त्या जागेसाठी आणलंही नव्हतं. हे सगळं निभावलं खरं, पण ते ठरवून झालं, असं मला म्हणवत नाही.

ठरवून कसं करायचं, हे अनेक वर्षं रेआल माद्रिदकडे बघून शिकावं. २०२१ मध्ये त्यांनी एदुआर्दो कामाविंगाला आणलं, २०२२ मध्ये ओरेलियाँ चुआमेनीला. चुआमेनी आला तेव्हा कासेमिरो अजून तिथेच होता. वारसदार घरात आला आणि मग जुना माणूस सन्मानाने गेला. लुका मॉड्रिचचं तर उदाहरणच आहे. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला हा खेळाडू शेवटच्या काही वर्षांत दर उन्हाळ्याला एका वर्षाचा करार घेत राहिला, बाकावर बसला, पंधरा-वीस मिनिटांसाठी उतरला आणि तेवढ्यात सामन्याची लय बदलून गेला. माझ्या मते तिशीनंतरच्या करारात वर्षांच्या आकड्यापेक्षा ही समजूत महत्त्वाची. "तू हवा आहेस, पण प्रत्येक सामन्यात नाही" हे खेळाडूच्या तोंडावर सांगायला हवं. पिरेसच्या वेळी अडचण एका वर्षाच्या कराराची नव्हती असं मला वाटतं. वय हा एकच निकष लावून सगळ्यांना एकाच मापाने मोजलं गेलं, ही अडचण होती.

आणि तरीही रेआल माद्रिदसुद्धा चुकलं.

१ जून २०२४, वेम्बली. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर बोरुसिया डॉर्टमुंड. ३४ वर्षांच्या टोनी क्रोसचा हा क्लबसाठीचा शेवटचा सामना. निवृत्ती त्याने आधीच जाहीर केली होती. कोणी त्याला जा म्हटलं नव्हतं, तो स्वतःच्या मर्जीने, शिखरावर असताना थांबला. पहिला गोल त्याच्याच कॉर्नरवरून झाला, दानी कार्वाहालने डोक्याने मारलेला. सामना २-० वर गेला, शेवटची काही मिनिटं उरली आणि क्रोस बाहेर आला. त्याच्या जागी उतरला मॉड्रिच, ३८ वर्षांचा. तो क्षण आठवला की अजून गळा दाटतो. पण त्या क्षणातच पुढची अडचण दिसत होती: ३४ वर्षांच्या खेळाडूची जागा घ्यायला ३८ वर्षांचाच माणूस होता.

त्या उन्हाळ्यात माद्रिदने किलियन एम्बापेला आणलं, मिडफिल्डर एकही घेतला नाही. कामाविंगा, चुआमेनी, वाल्व्हेर्दे, बेलिंगहॅम, चौघंही तरुण, दमदार, चौघंही गुणी. पण बचावफळीच्या पुढ्यात येऊन चेंडू मागून घ्यायचा, खेळाचा वेग ठरवायचा, कधी थांबायचं आणि कधी सोडायचं हे सांगायचं, हे क्रोसचं काम त्यांच्यापैकी कोणाचंच नव्हतं. २०२४-२५ मध्ये लीग बार्सिलोनाने नेली, पेद्रीच्या पायातून खेळ विणत. चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलने माद्रिदला दोन सामने मिळून ५-१ असं हरवलं. कासेमिरोसाठी वेळेवर वारसदार शोधणाऱ्या क्लबला क्रोसचं काम वेगळं आहे, हे उशिरा उमगलं. चाहत्यांच्या वादात "त्याच्या जागी अमुक आणा" म्हणून नावं येतात, तेव्हा मला हा हंगाम आठवतो. नावापाशी पोचण्याआधी त्या खेळाडूची कामं एकेक करून कागदावर मांडायला हवीत. कदाचित ती एकाला झेपणारी नसतील, दोघांत वाटावी लागतील.

२०२५ च्या उन्हाळ्यात मॉड्रिचनेही माद्रिद सोडलं. तिथल्या तेरा वर्षांत त्याने सहा चॅम्पियन्स लीग जिंकल्या. चाळिशीला काही आठवडेच उरले असताना त्याच्याशी करार केला तो एसी मिलानने. ज्या मिलानने ३२ वर्षांच्या पिर्लोला जाऊ दिलं होतं, त्याच मिलानने. हे बरोबर की चूक, यावर तुमच्यात वाद रंगेल तेव्हा मॉड्रिचचं वय थोडं बाजूला ठेवा आणि चेंडू गेल्यावर त्याच्या दोन्ही अंगांना कोण धावतंय, ते पाहा.

नमस्कार.