अँटिबायोटिक सुरू झालं, पुढे काय?

[दृश्य : रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड. खाटेच्या कठड्याला अडकवलेली फाइल.]

मध्यरात्री एखादा पेशंट दाखल होतो. थंडी वाजून ताप, धाप, बीपी उतरलेलं. ड्युटीवरचा डॉक्टर रक्त कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहायला, पाठवतो आणि लगेच अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारं अँटिबायोटिक शिरेतून सुरू करतो. बरोबरच करतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, रिपोर्टची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

घोळ होतो तो पुढे. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट येतो. कधी जंतू साध्या औषधाला दाद देणारा निघतो, कधी दुखणं जंतूंचं नव्हतंच असं लक्षात येतं. तरीही फाइलमध्ये रोज सकाळच्या राउंडला तीच तीन अक्षरं उतरत राहतात : सीएसटी. आहे तेच चालू ठेवा.

औषध थांबवलं आणि ताप पुन्हा चढला तर? रेसिडेंट डॉक्टरची ही धास्ती खोटी नाही. पण ती एकट्या रेसिडेंटच्या खांद्यावर टाकणं चूक आहे. थांबायचं कधी, हे ठरवायला त्याच्या पाठीशी रुग्णालय हवं आणि रुग्णालयाच्या पाठीशी देश.

[दृश्य : स्कॉटलंडचा नकाशा. लॉक लोमंड तलावाजवळचं अलेक्झांड्रिया गाव.]

स्कॉटलंडला हे फार मोठी किंमत मोजून कळलं. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत इथल्या 'व्हेल ऑफ लेव्हन' रुग्णालयात १४३ रुग्णांना सी. डिफिसिल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जंतूची लागण झाली. ३४ जणांच्या मृत्यूला तो कारणीभूत ठरला. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि हा जंतू तिथे फोफावतो. स्वच्छतेतल्या त्रुटी होत्याच, पण अँटिबायोटिकचा वापरही चौकशीत तपासला गेला.

२००८ सालीच तिथे राष्ट्रीय पातळीवरचा अँटिबायोटिक गट उभा राहिला. सी. डिफिसिलचा धोका वाढवणाऱ्या चार औषधांवर बोट ठेवलं गेलं : सेफॅलोस्पोरिन, को-ॲमॉक्सिक्लॅव्ह, क्लिंडामायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं. ती सरसकट लिहायची नाहीत, असं ठरलं. कोणत्या आजारात आधी काय द्यायचं याची यादी प्रत्येक विभागाने केली, आणि ती पाळली जाते का, हे मोजलं गेलं. स्वच्छतेच्या उपायांसोबत हे सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत सी. डिफिसिलच्या केसेस झपाट्याने खाली आल्या. माझ्या मते यातलं मोजणं सर्वांत महत्त्वाचं. नियमावली काय, आपल्याकडेही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) आहे, कितीतरी रुग्णालयांची स्वतःचीही आहे.

[दृश्य : ऑपरेशन थिएटरबाहेरचा कॉरिडॉर.]

आपल्याकडेही मोजणी झाली. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२मध्ये २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के अँटिबायोटिकवर होते. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना ते संसर्ग झाला म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून दिलेलं होतं. आणि उपचार म्हणून दिलेल्यांत नेमका जंतू कळल्यावर दिलेलं प्रमाण होतं फक्त ६ टक्के.

'होऊ नये म्हणून' दिलेल्या औषधाचं मोठं ठिकाण म्हणजे शस्त्रक्रिया. हर्नियाला जाळी बसवायची असेल, तर चीर देण्याआधी तासाभरात एक डोस द्यायचा. ऑपरेशन लांबलं तर आणखी एक. ऑपरेशन झाल्यावर तेच चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६पासून सांगते आहे. आपल्याकडे मात्र कितीतरी रुग्ण पाच-सात दिवसांच्या गोळ्या घेऊनच घरी जातात. जखम स्वच्छ असते, ताप नसतो, तरीही.

जानेवारी २०२४मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहिलं : अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. मागणी साधी वाटते, पण तिच्यात ताकद आहे. 'मूत्रमार्गाचा संसर्ग' असं फाइलमध्ये लिहिलेलं असलं की लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट शोधला जातो. कारणाची जागा कोरी असली, तर तिसऱ्या दिवशी तपासायचं तरी काय?

यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा हवी, रिपोर्ट वेळेत वॉर्डात पोचायला हवा, आणि मायक्रोबायोलॉजिस्टने राउंडला यायला हवं. मोठ्या मेडिकल कॉलेजांत हे जमू लागलं आहे. तालुक्याच्या रुग्णालयात अजून कल्चरचा नमुनाच बाहेर पाठवावा लागतो. पुढचा पैसा तिथे जायला हवा.

आणि आपलं माणूस दाखल असेल, तर तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी आपणही विचारू शकतो : "डॉक्टर, कल्चरचा रिपोर्ट आला का? हे औषध अजून किती दिवस?"