बाक किती, वाढ किती

एक खांदा किंचित वर, कमरेची एक बाजू जास्त खोल. पाठीचा कणा बाजूला झुकून पिळला जाण्याची, म्हणजे स्कोलिओसिसची, पहिली खूण अनेकदा अशी घरातच दिसते. दहा ते अठरा या वयातील सुमारे २ ते ३ टक्के मुलामुलींमध्ये असा बाक आढळतो आणि त्यांपैकी बहुतेकांत त्याचे कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसण्याने तो होत नाही, त्यामुळे पालकांनी स्वतःला अथवा मुलाला दोष देण्याचे कारण नाही.

अस्थिरोगतज्ज्ञ आधी विचारतात, की घराण्यात कोणाला असा बाक आहे का, पाठ दुखते का, वर्षभरात उंची किती वाढली आणि मुलीची पाळी केव्हा सुरू झाली. शेवटचा प्रश्न मुलींना अवघड वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. कारण उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती बहुधा पाळी येण्याआधी, आणि बाक वाढण्याचा धोकाही त्याच काळात अधिक असतो.

तपासणीसाठी पाठ उघडी ठेवावी लागते; त्या वेळी आई जवळ असावी असे वाटले, तर तसे निःसंकोच सांगावे. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसतात का, हे डॉक्टर पाहतात आणि स्कोलिओमीटरने पाठीचा कल मोजतात. पायांची लांबी, हातापायांतील ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेवरील डागही तपासले जातात, कारण क्वचित मूळ दोष मज्जारज्जूत असतो. तशी शंका आली, तर एमआरआय करतात.

एक्स-रे उभ्याने काढतात. त्यावर मोजलेला कॉब कोन, म्हणजे बाकाचे अंशांतले माप, १० अंशांहून कमी असेल, तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. त्याच चित्रात कमरेच्या हाडाची कड किती पक्की झाली आहे, यावरून उरलेल्या वाढीचा अंदाज येतो. वाढ पूर्ण झालेल्या मुलीचा ३० अंशांचा बाक बहुधा नुसता पाहत राहता येतो, तर अकरा वर्षांच्या मुलीच्या तेवढ्याच बाकाला पट्टा लावण्याचा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेचा विचार साधारण ४५ ते ५० अंशांपुढे होतो.

दोन मोजणींत ५ अंशांपर्यंतचा फरक निव्वळ मोजण्यातलाही असू शकतो. म्हणून पुढच्या भेटीला, जी वाढीच्या वयात बहुधा चार ते सहा महिन्यांनी असते, जुने एक्स-रे सोबत न्यावेत.