काळी एक की पांढरी दोन?

[दृश्य: काळा पडदा. तानपुरा, मग बंदिशीची पहिली ओळ. क्षणभर शांतता. पुन्हा तीच ओळ.]

तीच ओळ, दोनदा. गायक तोच, मैफल तीच, रीळही तेच. दुसऱ्या वेळी मात्र षड्ज, म्हणजे सा, खाली उतरला, आवाजाला वजन आलं आणि लय जराशी सैलावली.

पहिली ओळ चुकीच्या वेगाची होती. मूळ चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर झालं, सेकंदाला २४ फ्रेम. पुढे त्याची टीव्हीसाठी टेप केली. आपल्याकडच्या तेव्हाच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या पॅल पद्धतीला सेकंदाला २५ फ्रेम लागत, म्हणून फिल्म सरळ २५ च्या वेगाने पळवली. डोळ्याला फरक कळत नाही, कानाला कळतो. सगळं चार टक्क्यांनी जलद होतं, आणि पेटीवरच्या काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज लगेच पुढच्या पट्टीच्या, पांढरी दोनच्या, वाटेवर सत्तर टक्के पुढे जाऊन बसतो. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी, धड इकडे नाही धड तिकडे नाही.

संगीतशाळेच्या निधीसाठी जुन्या मैफलीचं चित्रण दाखवायचं, तर सभागृहात गाणं शिकवणारे आणि शिकणारे बसलेले असतात. चित्र धूसर असलं तर ते चालवून घेतील. चढलेला षड्ज चालवून घेणार नाहीत, आणि घेऊही नये.

[दृश्य: टेबलावर फिल्मचा डबा, स्पूल, व्हीएचएस कॅसेट.]

गाण्याच्या शाळेसाठी मैफलीतून पैसा उभा करणं आपल्याकडे नवीन नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत शाखा सुरू केली आणि खर्चासाठी जाहीर जलसे केले. तरी कर्ज फिटलं नाही, मुंबईची इमारत लिलावात गेली. आज गाणारे हयात नसले तरी त्यांची टेप तेच काम करू शकते. मात्र कपाटातून काढली आणि लावली, असं तिच्याबाबतीत होत नाही.

आधी फिल्मचा डबा उघडून वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागली आहे. ती आकसते, भोकांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचे दाते ती फाडतात. अशी फिल्म प्रोजेक्टरवर लावायचीच नाही, दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवरच न्यायची.

फिल्मची अडचण लांबीचीही आहे. ४०० फुटी रीळ ११ मिनिटांत संपतं. चावी भरून चालणारा कॅमेरा असेल तर एका चावीत अर्धं मिनिटसुद्धा निघत नाही. संथ लयीचा विलंबित ख्याल एवढ्यात कसा मावणार? म्हणून बहुतेक ठिकाणी चित्र तुकड्यातुकड्यांचं मिळतं आणि आवाज वेगळ्या स्पूलवर, म्हणजे ध्वनिफितीच्या रिळावर, सलग. सात इंची स्पूलमध्ये १२०० फूट टेप मावते, सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाने ती ३२ मिनिटं चालते. त्यामुळे चित्र नसलं तरी गाणं शिल्लक असतं. अशा जागी काळा पडदा ठेवून गाणं चालू द्यावं. फुलदाणीचे फोटो, सूर्यास्त, वाहती नदी यांनी ती जागा भरण्याचा मोह आवरावा.

[दृश्य: कॅसेटची खिडकी, अगदी जवळून. रिळाच्या कडेवर पांढरट जाळं.]

ही बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटवर ती हमखास धरते. ही कॅसेट व्हीसीआरमध्ये ढकलली की टेप वाचणारे हेड बुजतात, चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या दिसतात, आणि त्याच यंत्रात लावलेल्या पुढच्या कॅसेटलाही लागण होते. तोंडाला मास्क लावून, वेगळ्या खोलीत काम करायचं. व्हीएचएसच्या तळाचे पाच स्क्रू काढायचे, तंतू न सुटणाऱ्या कापडावरून टेप सावकाश फिरवून पुसायची आणि दोन्ही चक्र्या नव्या, स्वच्छ कवचात बसवायच्या. यंत्राचे हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, शॅमॉयचं मऊ कातडं लावलेल्या काडीने, ड्रम फिरतो त्याच दिशेने पुसायचे. वरखाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कान साफ करायची कापसाची काडी वापरायची नाही, तिचे धागे अडकतात.

स्पूल किंवा यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेट चालताना किंचाळत असेल आणि वाटेत तपकिरी चिकटा सोडत असेल, तर टेपवरच्या चुंबकीय थराला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याने हवेतली ओल शोषली आहे. यंत्र लगेच थांबवायचं. त्यावर उपाय म्हणजे टेप ५४ अंशांच्या आसपास, तापमान नीट राखणाऱ्या भट्टीत काही तास शेकायची. पाव इंची टेपला आठ तास धरतात. घरच्या ओव्हनचा काटा एवढा विश्वासाचा नसतो, मायक्रोवेव्हचं तर नावही नको. शेकल्यावर मिळते ती काही आठवड्यांची मुदत, तेवढ्यात संगणकावर उतरवून घ्यायचं. शेकण्याआधी स्पूल उजेडासमोर धरून बघायचा. आरपार उजेड दिसला तर टेप ॲसिटेटची आहे, आणि ती शेकली तर वाया गेली.

उतरवताना पहिली फेरीच शेवटची, असं धरून चालायचं. टाइम बेस करेक्टर, म्हणजे थरथरणारं चित्र सावरणारं यंत्र, मध्ये घालून, दहा बिटचं, न दाबलेलं चित्र घ्यायचं. तासाला १०० जीबी लागतात. जागा कमी असेल तर एफएफव्ही-१ या प्रकारात दाबायचं, त्यात चित्राची हानी होत नाही. स्पूलचा आवाज ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट.

[दृश्य: स्पूल यंत्राचं हेड. पेचकस स्क्रूवर. आवाज मंद, मग हळूहळू खुलतो.]

आता कान द्या. हेडचा कोन टेपशी जुळलेला नाही, म्हणून तानपुरा गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय. स्क्रू केसभर फिरवला... आणखी थोडा... जवारी उघडली. जवारीची ती झिणझिण म्हणजे टेपवरचा सगळ्यात नाजूक, सगळ्यात उंच कंपनांचा भाग. ती सापडली की बाकीचं गाणं आपोआप जागेवर येतं. काम झालं की हेड मूळ कोनावर परत आणायचं.

याच तानपुऱ्याचा बळी पुढच्या टप्प्यावर जातो. खरखर काढणारं सॉफ्टवेअर ‘शांत’ भागाचा नमुना मागतं आणि तो नमुना सगळीकडून वजा करतं. आपल्या मैफलीत शांत भाग असतोच कुठे? सतत वाजतो तो तानपुरा, सॉफ्टवेअर त्यालाच खरखर समजतं, आणि साफ झालेल्या आवाजात गायक विहिरीत गायल्यासारखा वाटतो. नमुना घ्यायचा तो तानपुरा छेडण्याआधीच्या टेपमधून. तो नसेल तर खरखर राहू द्यावी. श्रोत्यांची ‘वा’ आणि समोरच्या रांगेतला खोकलाही राहू द्यावा.

[दृश्य: थांबवलेली फ्रेम. पेटीवाल्यांचा उजवा हात.]

मूळ षड्ज कोणता, याचा पुरावा इथे आहे. गायक षड्जावर विसावतो तिथे चित्र थांबवायचं आणि पेटीवाल्यांचं बोट बघायचं. बोट दोन काळ्यांच्या जोडीतल्या पहिलीवर आहे, म्हणजे काळी एक. आता आवाजाची पट्टी मोजायची. पेटी थोडीफार उतरलेली असू शकते, पण पट्टीच्या सत्तर टक्के कधीच नाही. आवाज दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर दोष वेगाचा. साथीला सारंगी असेल तर हा आधार जातो. मग टेपवर उतरलेली विजेची घरघर तपासता येते. ती ५० ऐवजी ५२ हर्ट्झला सापडली तर टेप चार टक्के जलद चालली आहे. पण पूर्वी विजेची वारंवारताही हलायची, तेव्हा हा साक्षीदार दुय्यम.

चित्र आणि आवाज जुळवायचे ते द्रुतमध्ये, जलद लयीत. विलंबित एकतालात मात्रा चार-पाच सेकंदांची असते, तिथे दहा फ्रेमची चूक लपून जाते. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा असतील तर एका मात्रेला सहा फ्रेम येतात, आणि दोन फ्रेम चुकल्या तरी तबल्यावरचं बोट आणि ‘धा’ यांची फारकत दिसते. समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, ‘धा’ पकडायचा, तिथे पहिली खूण. चावीचा कॅमेरा चावी उतरत जाईल तसा मंदावतो, म्हणून प्रत्येक तुकड्याला नवी खूण लागते. कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच.

टेपच्या चित्रात सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम असतात. त्यांच्या पूर्ण ५० करायच्या, २५ केल्या तर तबलजींच्या बोटांचा लगदा होतो. जुन्या टीव्हीची चार-तीनची चौकट ताणून पडदाभर करायची नाही. चित्र मोठं करून देणारी नवी सॉफ्टवेअर चेहऱ्याला गुळगुळीत करतात आणि कधी सहावं बोटही बहाल करतात, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. ५७६ ओळींचं चित्र मोठ्या पडद्याच्या मध्यभागी, बेताच्या आकारात जास्त देखणं दिसतं.

[दृश्य: पत्रं, सह्या, पावतीपुस्तक.]

परवानग्या. टेप ज्यांच्या घरात आहे त्यांची संमती पुरत नाही. कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो. १९९६ च्या मैफलीचा २०४६ अखेरपर्यंत. कलावंतात तबला, पेटी आणि मागे तानपुऱ्यावर स्वर देणारा शिष्य, सगळे आले. साथीदारांच्या घरी विचारायचं नेमकं राहून जातं. चित्रण ज्याने केलं त्याचा हक्क वेगळा. कायद्यातली शैक्षणिक सवलत शाळेतल्या, विद्यार्थी-पालक-शिक्षकांपुरत्या कार्यक्रमाला आहे, तिकीट लावून देणगीदारांना दाखवायला नाही. तिकीट आणि देणगी यांच्या पावत्याही वेगळ्या ठेवायच्या. आवाहन चित्रणाच्या आधी किंवा नंतर, विलंबित आणि द्रुतच्या मध्ये नाही. प्रायोजकाचं बोधचिन्ह गायकाच्या खांद्यावर चिकटवायचं नाही. आणि वेळेसाठी कापावंच लागलं तर कात्री समेवर. आवर्तनाच्या मध्ये आवाज विरत नेला की सभागृहात चुळबूळ सुरू होते.

[दृश्य: रिकामं सभागृह. पडद्यावर थांबलेलं चित्र.]

कार्यक्रमाच्या दिवशी, दारं उघडण्याच्या दोन तास आधी. सिनेमागृहाच्या यंत्रणेसाठी फाइल केली असेल तर ती बहुधा २४ फ्रेमची असते. मूळ चित्रणच टेपवर झालं असेल तर ते २५ चं. कुणी न विचारता ते २४ वर बसवलं, की या वेळी षड्ज चार टक्के खाली. इतक्या महिन्यांनी तीच चूक, उलट्या बाजूने. प्रोजेक्टर चित्र उशिरा दाखवतो तेही इथेच कळतं, द्रुतचा तुकडा लावून ‘धा’ बघायचा आणि आवाज तेवढाच उशिरा सोडायचा. मागच्या रांगेत बसूनही बघायचं. १७ मीटरवर आवाज एक-सव्वा फ्रेम उशिरा पोचतो, तेवढा चालतो.

शाळेतल्या एका मुलीला तानपुरा घेऊन पहिल्या रांगेत बसवा. काळी एकमध्ये लावलेला. ती छेडते. बूथमधून फाइल सुरू होते. पडद्यावर गायक डोळे मिटतो, षड्ज लावतो.

दोन तानपुरे, एक पडद्यातला, एक मुलीच्या मांडीवरचा. सूर जुळलेले, मधे लाटा उठत नाहीत.

दारं उघडा.