सागवानी कुंपणाला जवसाचे तेल

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचे हे अंगण. समोरचे कुंपण सागवानी पट्ट्यांचे आहे, पण आज ते सागवान म्हणून ओळखू येत नाही. ज्या जिल्ह्यातील बल्लारशाहचे सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेले, तिथल्याच घरी ते राखाडी पडले आहे. दोष लाकडाचा नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन मोडते, पावसात ते धुऊन जाते आणि वर उरतात फिके, रखरखीत तंतू. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने चार हात घासले की खालचा सोनेरी-तपकिरी रंग दिसू लागतो.

अशा कुंपणाला पारदर्शक व्हार्निश मारण्याची हौस अनेकांना असते. घरातल्या दरवाजाला ते शोभते. उघड्यावर मात्र तो बहुधा वाया गेलेला पैसा ठरतो, कारण त्यातून ऊन आत शिरते, ऋतूप्रमाणे लाकूड फुगते-आकसते, थराला भेगा पडतात आणि त्यांतून पाणी मुरून पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा लाकडात मुरणारा, रंगद्रव्य असलेला वूड स्टेन बरा.

तो डब्यात तयार मिळतो, पण त्याचे साधे रूप, म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेला गेरू, विदर्भाला परके नाही. जवस इथल्या रब्बीचे जुने पीक आहे आणि गेरू तर घरोघरी असतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, जे शेंगदाण्याचे तेल करत नाही. गेरूतील लोहाचे ऑक्साइड ऊन अडवते. तेलघाण्यावरचे कच्चे तेल मात्र वाळायला कित्येक दिवस घेते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, म्हणून रंगाच्या दुकानातले, ड्रायर म्हणजे लवकर वाळवणारे द्रव्य घातलेले ‘बॉइल्ड’ तेल घेणेच शहाणपणाचे.

काम काढावे ते दिवाळीनंतर. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात स्टेन मुरण्याआधीच वाळतो आणि कुंचल्याचे पट्टे उमटतात. पाऊस संपता संपता हात घातला तर लाकडातला ओलावा तेलाला आत येऊ देत नाही. घासून, धूळ झटकून, थिनरच्या फडक्याने पुसल्यावर पट्टीवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. ते चटकन शोषले गेले, तर लाकूड तयार आहे.

पट्टीच्या कापलेल्या टोकाशी कुंचला टेकवताच तेल दिसेनासे होते. पुन्हा लावले, तरी पुन्हा तेच. लाकडाच्या उभ्या नळ्या इथे उघड्या पडलेल्या असतात आणि पावसाचे पाणीही इथूनच आत जाते, त्यामुळे सपाट भागाला दोन हात पुरत असले, तरी टोकांना ती पिणे थांबेपर्यंत तेल द्यावे. सपाट भागावर उरलेले तेल पंधरा-वीस मिनिटांनी पुसून काढावे, नाहीतर ते चिकट राहते. उधईला मात्र हा स्टेन रोखत नाही. त्यासाठी पट्ट्या जमिनीपासून चार बोटे वर हव्यात.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, ती बोळ्यात कोंडते आणि काडी न लावताही चिंधी पेटू शकते. चिंध्या एकेक करून अंगणात पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात, आणि कडब्याच्या गंजीजवळ तर त्या मुळीच नेऊ नयेत.