पोराला उलट्या होतायत, कोणती बाटली काढताय?

टेबलावरच्या या दोन बाटल्या बघा. दोन्हीवर औषधाचं नाव एकच आहे, डॉमपेरिडोन. पण मोठी बाटली सिरपची आहे, तिच्या एका एमएलमध्ये एक मिलिग्रॅम औषध. आणि ही छोटी, ड्रॉपरवाली, तान्ह्या बाळांसाठीची, हिच्या एका एमएलमध्ये दहा मिलिग्रॅम. लहान बाळाची म्हणजे हलकी असणार असं वाटतं ना, तर उलटं आहे, हीच दहापट कडक आहे, कारण बाळाला मोजून थेंबच द्यायचे असतात.

आता घरात होतं काय, रात्रीची वेळ, पोरगं बेडवरच ओकलेलं, चादर बदलायची घाई, आजी आतून ओरडतायत की अगं ती उलटीची बाटली आहे ना फ्रिजच्या दारात ती दे, आणि हाताला लागते ही छोटी. दिला अर्धा चमचा. अर्धा चमचा म्हणजे अडीच एमएल, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या जागी पंचवीस. म्हणून औषध द्यायच्या आधी लाईट लावून लेबलवरची ही बारीक ओळ वाचायची, एवढं तरी कराच.

बरं, हे डॉमपेरिडोन मुलांना द्यावं का हाच मुळात प्रश्न आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने डिसेंबर 2019 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उलटीसाठी ते देऊ नका असंच सांगितलं, कारण मुलांमध्ये त्याचा फायदा दिसला नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणामाची भीती होतीच. आपल्याकडे अजून सर्रास मिळतं.

हल्ली बरेच बालरोगतज्ज्ञ लिहितात ते ऑनडानसेट्रॉन. हे आलं कॅन्सरच्या पेशंटसाठी, केमोच्या उलट्या थांबवायला, अमेरिकेत 1991 मध्ये. पोटात इन्फेक्शन झालं की आतड्यातून सेरोटोनिन सुटतं, ते मेंदूकडे जाणाऱ्या नसेला चाळवतं आणि मेंदू म्हणतो ओक. हे औषध तो निरोप मधेच अडवतं, बाकी काही नाही. जंतू मारत नाही, जुलाब थांबवत नाही, उलट जुलाब एखाद-दोनदा जास्तच होतात.

शिकागोच्या एका हॉस्पिटलमधला अभ्यास 2006 साली छापून आला होता. सहा महिने ते दहा वर्षांची 215 मुलं, सगळी गॅस्ट्रोची, निम्म्यांना याचा एकच डोस, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. औषधवाल्यांपैकी 14 टक्के मुलांना पुढे उलटी झाली, बाकीच्यांत 35 टक्के. सलाईन लावायची वेळ आली 14 टक्क्यांवर, दुसऱ्या गटात 31. आणि हे सगळं एका डोसवर बरं का! आपल्याकडे मात्र तीच बाटली सकाळ-दुपार-संध्याकाळ पाच दिवस चालू असते. गॅस्ट्रोच्या उलट्या बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप कमी होतात, मग चौथ्या दिवशी आपण नक्की कशाला देतोय?

डोस ठरतो वजनावर. त्या अभ्यासात 8 ते 15 किलोला 2 मिलिग्रॅम, 15 ते 30 किलोला 4, त्याच्या वर 8. इथल्या सिरपमध्ये साधारणपणे 5 एमएलमध्ये 2 मिलिग्रॅम असतं, तरी आपल्या बाटलीवरचं बघूनच घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला घरच्या घरी नाहीच. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीला पाच एमएल दिलं होतं म्हणून आपल्यालाही पाच, हा हिशोब चुकीचा, ती अकरा किलोची असेल आणि आपला गडी सोळाचा. वजन माहीत नसेल तर मेडिकलवाल्याकडच्या काट्यावर उभं करा. आणि मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नको, कुणाच्या घरचा तीन एमएलचा तर कुणाचा सात. सुई नसलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात पिचकारी मारू नका, ठसका लागतो.

औषध देऊन पंधरा मिनिटांच्या आत सगळं बाहेर आलं तर डॉक्टर शक्यतो एकदा परत द्यायला सांगतात, फोन करून विचारा. अर्ध्या तासाने ओकलं तर परत नाही. पोराला हृदयाचा काही त्रास असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते आधीच सांगायचं, कारण दोन्ही औषधं ठोक्यांच्या लयीवर असर करू शकतात.

(पडद्यावर: वाटी, चमचा, ओआरएसचं पाकीट)

आणि खरा इलाज हा आहे. उलटीचं औषध फक्त हे पोटात टिकावं म्हणून. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पाजून माणसं वाचवली, त्यातलंच हे. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच, अर्धं पाकीट ग्लासात असला अंदाजपंचे प्रकार नको. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग एक चमचा, मिनिटभराने अजून एक. कंटाळवाणं आहे, मान्य, पण तहानलेलं पोर ग्लास तोंडाला लावून गटागट पितं आणि सगळं परत येतं. आणि दुकानातली गोड टेट्रापॅकं ओआरएस म्हणून नेऊ नका, ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न नियामकाने, अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केलीय.

आता गाडी लागणं, हे वेगळं प्रकरण. मे महिन्यात कोकणात निघालो, आंबा घाटाची वळणं सुरू झाली, की मागच्या सीटवरून आवाज येतोच. इथे ऑनडानसेट्रॉनचा फारसा उपयोग नाही, कारण गडबड पोटात नसते, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असते. त्यासाठीच्या जुन्या गोळ्या, अॅव्होमीन वगैरे, प्रोमेथाझिनच्या. दोन वर्षांखाली अजिबात नाही, अमेरिकेत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापलेला असतो, श्वास मंदावून बाळं दगावली आहेत. त्याहून मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी, आणि झोप येणार हे धरून. त्याआधी निदान हातातला मोबाईल काढून घ्या, समोर लांब बघायला लावा, काच खाली करा.

आणखी एक, आजोबांच्या डब्यातली उलटीवरचीच मेटोक्लोप्रमाइडची गोळी अर्धी करून देऊ नका. काही मुलांची त्याने मान एका बाजूला वळून ताठ होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, पोर शुद्धीत असतं आणि घाबरून रडत असतं. घरच्यांना वाटतं फिट आली, कुणी नजर काढायला बसतं. इंजेक्शनने हे बऱ्याचदा काही मिनिटांत उतरतं, पण डॉक्टरला कळायला हवं की गोळी दिली होती.

उलटी हिरवी आली, रक्त दिसलं, डोक्याला मार लागला होता, पोर पेंगुळतंय, मान दुमडत नाही, आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळाची टाळू खोल गेलीय, तर बाटली शोधत बसू नका, निघा. जाताना दिलेलं औषध सोबत घ्या आणि कागदावर लिहा, किती एमएल, किती वाजता.