तीन महिन्यांचं इंजेक्शन

नमस्कार मैत्रिणींनो, आणि घरात सोबत ऐकत बसलेल्या सगळ्यांनाच नमस्कार.

"डॉक्टर, दोन महिने झाले, पाळीच आली नाही. आत साचून तर राहिलं नाही ना?" हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय, की गर्भनिरोधक इंजेक्शनाबद्दल बोलताना सुरुवात इथूनच करते.

आत काहीही साचत नाही. गर्भाशयात दर महिन्याला अस्तर तयार होतं आणि दिवस राहिले नाहीत की ते गळून पडतं. पाळी म्हणजे तेच. या इंजेक्शनामुळे अस्तर पातळच राहतं. गळायलाच काही नसेल, तर रक्त येणार कुठून? वर्षभर नियमित इंजेक्शन घेणाऱ्या जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. अंगावरून खूप जाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा फायदाच होतो.

पाळी थांबण्याआधीचे महिने मात्र कटकटीचे असतात. मध्येच डाग लागतो, कधी बरेच दिवस थोडं थोडं जात राहतं. बहुतेक जणी याच टप्प्यावर घाबरून इंजेक्शन सोडतात. हे होणार, असं आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

आता औषधाविषयी. नाव लांबलचक आहे, डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरट दिसतं. कण तळाशी बसतात, म्हणून नर्स ती आधी चांगली हलवते. मग दंडात किंवा कुल्ल्यावर 150 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देते. नंतर ती जागा चोळू नका, शेकू नका. ते कण स्नायूत हळूहळू विरघळायला हवेत. चोळलं तर औषध लवकर पसरतं आणि असर लवकर ओसरू शकतो. या औषधामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट झाल्याने शुक्राणू आत जाऊ शकत नाहीत.

दर तीन महिन्यांच्या तारखा तंतोतंत पाळल्या तर वर्षभरात 1000 जणींपैकी साधारण 2 जणींनाच दिवस जातात. प्रत्यक्षात मात्र हे प्रमाण 100 पैकी 4 च्या आसपास जातं, कारण तारखा चुकतात. उशीर झाला म्हणून घरी बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हे इंजेक्शन 4 आठवडे उशिरापर्यंतही देता येतं.

रोज गोळी लक्षात ठेवायला नको, कपाटात पाकीट लपवायला नको, हा मोठा दिलासा असतो. पण एकदा टोचलं की ते काढून घेता येत नाही. म्हणूनच निर्णय त्या बाईचा स्वतःचा हवा. सासूचा नको, नवऱ्याचा नको, आमचा डॉक्टरांचाही नको.

लवकर मूल हवं असेल तर दुसरी पद्धत निवडा. कायमचं वांझपण येत नाही, पण शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सरासरी 10 महिने लागतात. काहींचं वजन वाढतं. हाडांची घनता थोडी कमी होते, इंजेक्शन बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते. तरी वाढीच्या वयातल्या मुलींनी आणि बरीच वर्षं घेणाऱ्यांनी याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार किंवा फार वाढलेला रक्तदाब असेल, तर ते आधीच सांगा. कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर आधी तपासणी. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी घेता येतं. एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून याने संरक्षण मिळत नाही, त्यासाठी निरोध वापरायलाच हवा.

आणि रक्तस्राव नेहमीच्या पाळीच्या दुप्पट झाला, किंवा दुप्पट दिवस चालला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवायला या.