किनाऱ्यावर मेलेला पक्षी आणि बर्ड फ्लूची वंशावळ

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. बंदरावरची मंडळी आलीत, शाळेतले सर-बाई आहेत, कोंबड्या पाळणाऱ्या ताई-मावशी आहेत, म्हणून सगळ्यांना कळेल असंच बोलतो, मध्येच काही विचारलंत तरी चालेल.

थंडी पडायला लागली की आपल्या बंदरांवर कुरव येतात, सीगल म्हणतो आपण. हर्ण्याला मासळीचा लिलाव चालू असतो आणि हे डोक्यावर घिरट्या घालत असतात. त्यातल्या दोन जाती यंदा नीट बघा, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा. नाव असं असलं तरी थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्याच्या मागे एक गडद ठिपका तेवढा, त्यामुळे भले भले फसतात. पंखाचं टोक बघायचं. काळ्या टोकात पांढरा ठिपका दिसला आणि डोळा फिकट असला तर तो तपकिरीवाला मोठा पक्षी. मार्च-एप्रिलात परत निघायच्या आधी डोक्यावर रंग चढतो, मग हा जातो लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर अंडी घालायला.

आता हे बर्ड फ्लूच्या व्याख्यानात कशाला? तर 2005 साली चीनमधल्या चिंगहाय तलावावर सहा हजारांवर जंगली पक्षी मेले, सगळ्यात जास्त पट्टकादंब हंस, पण मेलेल्यांत हा तपकिरी डोक्याचा कुरवही होता. तोवर समज असा होता की एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा हा विषाणू, हा कोंबड्यांचा रोग, जंगली पक्षी मोठ्या संख्येने त्याने मरत नाहीत. चिंगहायने तो समज मोडला. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 2006 मध्ये, भारतातली पहिली साथ आपल्याच राज्यात नंदुरबारच्या नवापूरला कोंबड्यांमध्ये सापडली. आणि लगेच सगळे म्हणायला लागले की पाहुण्या पक्ष्यांनी आणला. खरंच त्यांनी आणला की नाही हे बोलून ठरत नाही, ते विषाणूच्या जनुकांत वाचावं लागतं, आणि ते कसं वाचतात तेच आज सांगायचंय.

हा इन्फ्लुएन्झा ए विषाणू. याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा मजकूर, आरएनए नावाच्या रेणूत लिहिलेला, साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा, आणि तो सलग नाही, आठ वेगळ्या तुकड्यांत आहे. विषाणू स्वतःच्या नकला काढतो पण काढलेली नकल तपासून चूक दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही, म्हणून चुका राहतात. जुन्या काळी पोथ्या हाताने उतरवून काढायचे ना, एका नकलेत 'घ'चा 'ध' झाला की तिच्यावरून उतरवलेल्या पुढच्या प्रत्येक पोथीत तो 'ध' तसाच जायचा, आणि म्हणून आज नुसत्या चुका जुळवून सांगता येतं की कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली. विषाणूची वंशावळ अगदी अशीच काढतात. एच नावाच्या तुकड्यात साधारण सतराशे अक्षरं, त्यातली वर्षाला थोडीशीच बदलतात, पण ढोबळमानाने ठरावीक वेगाने बदलतात. म्हणजे दोन सॅम्पलमध्ये किती अक्षरांचा फरक आहे ते मोजलं की त्यांचा शेवटचा समान पूर्वज साधारण कधी होऊन गेला याचा अंदाज येतो.

एच5एन1 मधला एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांची नावं. पक्ष्यांमध्ये एचचे 16 प्रकार बरीच वर्षं माहीत आहेत, एनचे 9. आजचा जो घातक एच5 जगभर फिरतोय त्याचं मूळ 1996 साली चीनच्या ग्वांगडोंगमध्ये एका पाळीव हंसात सापडलेल्या विषाणूशी जातं. त्याचं नाव ए/गूज/ग्वांगडोंग/1/1996. नावातच सगळं आलं बघा: विषाणूचा प्रकार, पक्षी, जागा, नंबर, साल. जगातल्या प्रत्येक सॅम्पलला असं नाव देतात, आणि यातली एक गोष्ट जरी चुकीची लिहिली तरी वंशावळीत ते सॅम्पल भलत्या ठिकाणी वाचलं जातं. 1997 ला हाँगकाँगमध्ये 18 माणसांना लागण झाली, 6 दगावली, ती याच घराण्याच्या एच5 मुळे. पुढे त्याला फांद्या फुटत गेल्या, त्यांना क्लेड म्हणतात. चिंगहाय आणि नवापूरची फांदी 2.2, आणि सध्या जगात सगळ्यात जास्त पसरलेली 2.3.4.4बी, जी 2021 च्या शेवटी उत्तर अमेरिकेत पोचली, 2022 मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि ऑक्टोबर 2023 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्ड आयलंडवर. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्ती सीलची हजारो पिल्लं मेली. आता हे नुसतं पक्ष्यांपुरतं राहिलेलं नाही.

चुका सावकाश साठतात, पण दुसरी एक गोष्ट एका झटक्यात होते. दोन वेगळे विषाणू एकाच बदकाच्या एकाच पेशीत शिरले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होते आणि बाहेर पडतो तो मिश्र विषाणू. बदकांना तर पुष्कळदा साधा फ्लू होऊनही काही दिसत नाही, थापट्या, तलवार बदक, चक्रांग मजेत पोहत असतात आणि विष्ठेतून विषाणू पाण्यात सोडत असतात. कुरवांचं तर स्वतःचं वेगळं खातं आहे, एच13 आणि एच16 हे प्रकार मुख्यतः कुरवांतच सापडतात. 2022 मध्ये युरोपात 2.3.4.4बी ने या कुरवांच्या एच13 कडून काही तुकडे घेतले आणि 2023 ला तिकडे काळ्या डोक्याचे कुरव वसाहतीच्या वसाहती मेले. त्याच उन्हाळ्यात फिनलंडमध्ये फरसाठी पाळलेले कोल्हे आणि मिंक यांच्यातही तोच विषाणू सापडला. काळ्या डोक्याचा कुरव ही तीच जात जी थंडीत आपल्याकडे येते. आपल्याकडे येणारे पक्षी बहुतेक मध्य आशियातून येतात, युरोपातले तेच पक्षी इथे उतरतात असं मी म्हणत नाही, पण जात तीच, आणि मध्य आशियात पूर्वेकडचे पश्चिमेकडचे पक्षी एकत्र येतात.

आता पाहुण्या पक्ष्यांना दोष देण्याचं बघू. समजा एका तालुक्यात दहा पोल्ट्रीत कोंबड्या मेल्या. दहाही ठिकाणचे विषाणू जवळजवळ अक्षरशः एकसारखे निघाले तर समजायचं की एकदाच आत आला आणि मग एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर गेला, गाडीच्या चाकांवरून, अंड्यांच्या ट्रेमधून, पिल्लांबरोबर, माणसांच्या चपलांवरून. आणि प्रत्येक फार्मचा विषाणू जर वेगवेगळ्या जंगली पक्ष्यांच्या विषाणूंच्या जवळचा निघाला तर तो पुन्हा पुन्हा बाहेरून येतोय. दोन्हीवर उपाय वेगळे. पहिल्यात गाड्या आणि ट्रे धुवा, दुसऱ्यात शेडला जाळी लावा. सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूची अक्षरं वाचणं, न करता नुसतं पाणथळ जागेवरच्या पक्ष्यांकडे बोट दाखवणं मला अजिबात पटत नाही, कारण मग पक्ष्यांना हाकलायची, तळी बुजवायची भाषा सुरू होते आणि ट्रे तसेच फिरत राहतात.

आपल्या कोकणातही हा येऊन गेलाय. जानेवारी 2021 मध्ये परभणी, बीड, मुंबई, ठाण्याबरोबर आपल्या दापोलीचंही नाव आलं, मेलेल्या कावळ्यांमुळे. 2022 ला शहापूरजवळ वेहळोलीला पोल्ट्रीत, 2025 च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला. कावळा महत्त्वाचा, कारण तो मेलेलं खातो, पोल्ट्रीच्या उकिरड्यावर जातो, बंदरावर जातो आणि माणसाच्या नजरेसमोर मरतो. खाडीत चिखल्या किंवा तुतवार मेला तर भरतीबरोबर जातो, कोणाला पत्ताही लागत नाही.

खरी अडचण इथेच आहे. वंशावळीत तेवढ्याच फांद्या दिसतात जिथून सॅम्पल गेलं. 2024 मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात परतलेल्या एका लहान मुलात एच5एन1 सापडला, त्याचा एच होता 2.3.2.1ए फांदीचा आणि बाकीच्यातले काही तुकडे 2.3.4.4बी चे. हा मिश्र विषाणू जगाच्या लक्षात आला तो ऑस्ट्रेलियातल्या लॅबमधून. पक्ष्यांमध्ये तो कधी जुळून आला, कुठल्या तळ्यावर, हे सांगायला मधल्या फांद्याच हाताशी पुरेशा नाहीत. मला हे फार लागतं.

सॅम्पल घ्यायचं म्हणजे काय करतात सांगतो. पशुवैद्य ग्लोव्ह्ज, एन95 मास्क, गॉगल घालून एक बारीक स्वॉब, म्हणजे टोकाला बोळा असलेली काडी, पक्ष्याच्या चोचीतून घशात फिरवतात, दुसरा गुदद्वारात, आणि ते विषाणू टिकवून ठेवणाऱ्या गुलाबी द्रवाच्या नळीत टाकून झाकण घट्ट लावतात, वर पेनाने जात, जागा, तारीख. मग बर्फाच्या पेटीतून थेट भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत. आरएनए नाजूक असतो. कावळा अख्खी दुपार आपल्या उन्हात पडून राहिला तर पीसीआर, म्हणजे विषाणू आहे का बघायची चाचणी, कदाचित पॉझिटिव्ह येईल, कारण त्याला छोटासा तुकडा पुरतो, पण आठही तुकडे पूर्ण वाचता येतीलच असं नाही. मग नुसतं "बर्ड फ्लू आहे" एवढंच कळतं, कुठला, कुठून आलेला, ते राहून जातं. पीबी2 नावाच्या तुकड्यात 627 नंबरच्या जागी एक बदल झाला की विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत जास्त चांगला वाढतो, चिंगहायच्या विषाणूत तो बदल होता. नागपूरच्या गोरेवाड्यात 2024 च्या शेवटी तीन वाघ आणि एक बिबट्या एच5एन1 ने मेले, तेव्हा असे बदल आहेत का हे बघणं किती गरजेचं आहे ते कळलं असेल.

तेव्हा तुमच्याकडून हवंय ते एवढंच. एकाच ठिकाणी दोन-चार पक्षी मेलेले दिसले, किंवा कावळा मान वाकडी करून गोल गोल फिरताना दिसला, तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, चोच, पाय आणि पंखाचं टोक दिसेल असा, म्हणजे जात ओळखता येते, लोकेशन आणि वेळ लिहा आणि त्याच तासाला 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. संध्याकाळी बघू म्हणू नका. आणि मावशी, खुराड्यातल्या कोंबड्या अचानक पटापट मेल्या तर त्या खाडीत टाकू नका आणि उरलेल्या घाईघाईने विकूही नका, तसंच कळवा. चिकन-अंडी नीट शिजवून खाल्लीत तर काही भीती नाही, 70 अंशाला हा विषाणू मरतो.

बोला आता, काय विचारायचंय ते विचारा.